लाखांनी मेल पाठवायचेत? आधी हळू पाठवायला शिका

आधी एक साधा हिशेब करू. समजा नाशिकची एखादी कंपनी आहे, ४ लाख ग्राहक आहेत, दर महिन्याला सगळ्यांना बिल मेलवर जातं आणि साहेबांचं म्हणणं असं की १ तारखेला सकाळी १० ते १२ मध्ये सगळं गेलंच पाहिजे. दोन तास म्हणजे ७२०० सेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण ५६ मेल. ऐकून घाबरायला होतं पण खरं तर हे काहीच नाहीये, बरा सर्व्हर आणि बरी डिस्क असेल तर फुकटात मिळणारं पोस्टफिक्स नावाचं मेल पाठवणारं सॉफ्टवेअरसुद्धा एवढं ढकलतं. अडचण पाठवण्यात नाहीच, समोरच्याने घेण्यात आहे. कोऱ्या आयपीवरून (आयपी म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा नंबर, कोरा म्हणजे ज्यावरून आधी मेल गेलेच नाहीत) पहिल्याच दिवशी हा मारा केलात तर जीमेल आधी "नंतर या" म्हणतं, मग सरळ नकार देतं, आणि जे काही आत शिरतं ते बहुतेक स्पॅममध्ये जाऊन पडतं.

मग पॉवरएमटीएसारख्या मेल पाठवायच्या सॉफ्टवेअरला लोक एवढे पैसे का मोजतात? पोर्ट२५ नावाच्या अमेरिकन कंपनीने ते बनवलं, २०१५ मध्ये ती कंपनी मेसेज सिस्टिम्सने घेतली, मेसेज सिस्टिम्सचं पुढे स्पार्कपोस्ट झालं, स्पार्कपोस्टला २०२१ मध्ये मेसेजबर्डने विकत घेतलं आणि आता तिचं नाव नुसतं बर्ड आहे. मालक एवढे बदलले तरी मोठ्या मेल पाठवणाऱ्यांकडे ते सॉफ्टवेअर चालूच आहे. जाहिरातीत तासाला लाखो मेलचा वेग सांगतात, पण मॅन्युअल उघडलं की पानंच्या पानं कशावर आहेत, तर कुठे किती कनेक्शन उघडायची, कधी थांबायचं आणि थांबल्यावर परत कधी जायचं यावर. खंबाटकी उतरताना गाडीचं इंजिन किती पॉवरचं आहे याला काय करायचंय, ब्रेक लागतात का ते बघायचं, तसला प्रकार. २०२३ मध्ये आलेलं कुमोएमटीए हे तसलंच सॉफ्टवेअर तर ओपन सोर्स आहे, रस्ट भाषेत लिहिलंय, कॉन्फिगरेशन लुआ भाषेत करायचं, आणि त्यातही खरी गंमत ट्रॅफिक शेपिंगचीच, म्हणजे कुणाला किती वेगाने पाठवायचं ते आवळण्याचीच आहे. खालचं सगळं याच नजरेने वाचा.

स्वतःचा सर्व्हर पाहिजेच का?

बहुतेकांना नको असतो, हे आधीच सांगून टाकतो. अमेझॉनच्या एसईएस या मेल पाठवायच्या सर्व्हिसचा मूळ दर हजार मेलला ०.१० डॉलर आहे, म्हणजे वरच्या ४ लाख बिलांचे ४० डॉलर, बिलाची पीडीएफ जोडली तर त्या डेटाचे थोडे वेगळे. ४० डॉलरमध्ये स्वतःचा सर्व्हर, चांगले आयपी आणि रात्री दोन वाजता क्यू (पाठवायच्या मेलची रांग) अडकली की उठून बसणारा माणूस हे तिन्ही मिळणार नाही. मुंबई रीजनमध्येही एसईएस आहे, आणि आपल्याकडचीच सर्व्हिस पाहिजे तर मुंबईची नेटकोर आहे, नाहीतर परदेशी सेंडग्रिड आहे, पर्याय भरपूर. एसईएसला सुरुवातीला सँडबॉक्समध्ये ठेवतात, दिवसाला फक्त २०० मेल आणि तेही तुम्ही व्हेरिफाय केलेल्या पत्त्यांनाच, मग अर्ज करून लिमिट वाढवून घ्यायचं, तो अर्ज दोन ओळींत खरडू नका, पत्ते कुठून आले आणि बाउन्सचं, म्हणजे न पोचता परत आलेल्या मेलचं काय करता ते नीट लिहा.

स्वतःचं एमटीए (मेल पाठवणारं सॉफ्टवेअर, पोस्टफिक्स किंवा पॉवरएमटीएसारखं) कधी टाकायचं? महिन्याला कोटीच्या घरात मेल असतील, किंवा ग्राहकांचा डेटा बाहेर द्यायचाच नसेल (बँका, विमावाले), किंवा तुम्ही स्वतःच दुसऱ्यांसाठी मेल पाठवायचा धंदा करणार असाल तर. आणि सर्व्हर भाड्याने घ्यायच्या आधी २५ नंबरचं पोर्ट, म्हणजे मेल बाहेर जायचं दार, उघडं आहे का ते विचारा. अमेझॉनच्या ईसीटू या भाड्याच्या सर्व्हरवर आणि गुगल क्लाउडवर बाहेर जाणारं २५ मुळात बंदच ठेवलेलं असतं. लोक आधी वर्षाचे पैसे भरतात, सगळं इन्स्टॉल करतात आणि मग मेल जाईना म्हणून लॉग बघत बसतात.

सर्व्हिस घेतली म्हणून सुटलात असं मात्र नाही. डीएनएस (तुमच्या डोमेनच्या नावाखाली इंटरनेटवर ठेवलेल्या नोंदी) तुमचं, यादी तुमची, लोक "स्पॅम" बटण दाबतात तेही तुमच्याच नावावर.

डीएनएसची कामं एका दुपारी उरकतात, पण चुकली तर महिनाभर निस्तरावी लागतात

पहिलं म्हणजे फ्रॉममध्ये जीमेलचा पत्ता वापरणं बंद करा. दुकानाचं नाव ॲट जीमेल डॉट कॉम असं टाकून तिसऱ्याच सर्व्हरवरून हजारो मेल पाठवणारे आपल्याकडे अजून खूप आहेत, आणि गुगलने २०२४ च्या नियमांत फ्रॉममध्ये जीमेलची नक्कल करू नका असं सांगितलंय, म्हणजे असे मेल समोर स्पॅममध्ये जाण्याचीच शक्यता जास्त. स्वतःचं डोमेन घ्या. त्यातही ऑफिसचा रोजचा पत्रव्यवहार मुख्य डोमेनवर राहू द्या, बिलं एका सबडोमेनवरून, ऑफर आणि न्यूजलेटर दुसऱ्या सबडोमेनवरून, आणि जमलं तर दोघांचे आयपीही वेगळे. कारण उघड आहे, दिवाळी सेलच्या मेलला लोकांनी स्पॅम दाबलं तर त्याचा फटका ओटीपीला बसायला नको.

मग आयपीचं पीटीआर रेकॉर्ड. हे तुमच्या डीएनएसमध्ये नाही होत, आयपी ज्याचा आहे त्या होस्टिंगवाल्याला सांगावं लागतं किंवा त्याच्या पॅनलमध्ये टाकावं लागतं. आयपीवरून नाव निघालं पाहिजे, त्या नावावरून परत तोच आयपी निघाला पाहिजे, आणि एमटीए समोरच्याला एहलो करताना, म्हणजे सुरुवातीला ओळख देताना, जे नाव सांगतो तेही तेच ठेवा. आयपी व्ही६ चालू असेल आणि त्याचं पीटीआर नसेल तर जीमेल दारातूनच परत पाठवतं, म्हणून सुरुवातीला सरळ व्ही४ वरच राहा, डोक्याला ताप कमी.

एसपीएफ म्हणजे तुमच्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची डीएनएसमधली यादी. त्यात एकच भानगड होते, दहाची मर्यादा. एक एसपीएफ रेकॉर्ड तपासताना जास्तीत जास्त १० डीएनएस लुकअप चालतात, आणि ऑफिस मेलवाला, सीआरएमवाला, एचआरवाला, सर्व्हेवाला प्रत्येकजण "आमचा इन्क्लूड टाका" म्हणतो, त्यांच्या आत आणखी इन्क्लूड असतात, ११ वा झाला की पूर्ण रेकॉर्डच एरर देतं. सबडोमेन वेगळे केले तर ही कटकट आपोआप मिटते कारण प्रत्येक सबडोमेनचं एसपीएफ वेगळं. आणि एका डोमेनला एकच एसपीएफ रेकॉर्ड, दोन टाकली तर दोन्ही वाया.

डीकिम म्हणजे मेलवर तुमच्या डोमेनची डिजिटल सही, तिची की २०४८ बिटची घ्या. ती टीएक्सटी रेकॉर्डमध्ये टाकताना एका स्ट्रिंगमध्ये २५५ च अक्षरं मावतात, २०४८ ची की त्यात बसत नाही, तर ती दोन तुकड्यांत दोन अवतरणांमध्ये टाकायची. काही पॅनल हे स्वतः करतात, काही गुपचूप शेपूट कापून टाकतात आणि मग सही जुळत नाही. टाकल्यावर डिग कमांड मारून पूर्ण आली का बघा.

डीमार्क सगळ्यात शेवटी, वरच्या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं हे ते समोरच्याला सांगतं. सुरुवातीला पॉलिसी नन (काही करू नका) ठेवा आणि रिपोर्टचा पत्ता द्या, मग रोज एक्सएमएल फाइली यायला लागतात की तुमच्या डोमेनच्या नावाने जगात कोण कोण मेल पाठवतंय. पहिल्या आठवड्यात हमखास एखादा विसरलेला सर्व्हर सापडतो, कुठल्यातरी शाखेतलं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर किंवा वेबसाइटचा कॉन्टॅक्ट फॉर्म. ते सगळे नीट झाल्यावरच क्वारंटाइन (स्पॅममध्ये टाका) आणि मग रिजेक्ट (घेऊच नका). एकदम रिजेक्टवर उडी मारू नका, याहूने एप्रिल २०१४ मध्ये याहू डॉट कॉमसाठी ते केलं तेव्हा जगभरच्या मेलिंग लिस्ट मोडल्या होत्या, आणि ती याहू होती, त्यांना चालून गेलं.

डीमार्कमध्ये लोकांचा गोंधळ अलाइनमेंटवर होतो. एसपीएफ पास, डीकिम पास, तरी डीमार्क फेल, असं का? कारण एसपीएफ बघतं रिटर्न-पाथमधलं (बाउन्स परत येतो त्या पत्त्यातलं) डोमेन, डीकिम बघतं सहीतलं डोमेन, आणि डीमार्क म्हणतं की या दोघांपैकी निदान एक तरी वाचणाऱ्याला जे फ्रॉम दिसतं त्याच्याशी जुळलं पाहिजे. मेल सर्व्हिस स्वतःच्या डोमेनने सही करत असेल तर सही खरी आहे पण तुमची नाही. म्हणून सर्व्हिसमध्ये "कस्टम डोमेन", "डोमेन ऑथेंटिकेशन" असं काहीतरी असतं ते करूनच घ्या. तपासायला सोपं आहे, स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा, तीन टिंबांमधून शो ओरिजिनल उघडा, वरतीच एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिघांपुढे पास दिसलं पाहिजे.

हे सगळं आता ऐच्छिक राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने मोठ्या पाठवणाऱ्यांना हे सक्तीचं केलं, गुगलच्या भाषेत मोठा म्हणजे पर्सनल जीमेल खात्यांना दिवसाला ५००० च्या आसपास किंवा जास्त मेल पाठवणारा. सबडोमेन वेगळे असले तरी मोजताना मुख्य डोमेनखाली एकत्र मोजतात, आणि एकदा जरी आकडा गाठला तरी तुमच्यावर बल्क सेंडरचा शिक्का कायमचा. मायक्रोसॉफ्टनेही मे २०२५ पासून आउटलुक, हॉटमेल वगैरेंसाठी जवळपास हेच नियम लावले.

यादी

आता सगळ्यात नावडता विषय. विकत घेतलेला डेटा वापरू नका. "पुण्याचे ५० हजार आयटीवाले", "महाराष्ट्रातले डॉक्टर", "बिल्डर डेटा" असे एक्सेल फिरत असतात, त्यात बंद पडलेले पत्ते असतात आणि स्पॅम ट्रॅप असतात, म्हणजे असे पत्ते जे कुठल्याही माणसाचे नाहीत, यादी कुठून उचलली हे पकडण्यासाठीच ठेवलेले. असा ट्रॅप लागला की ब्लॉकलिस्टवाल्यांना (स्पॅम पाठवणाऱ्यांच्या याद्या ठेवणाऱ्यांना) वेगळा पुरावा लागत नाही. शिवाय आता डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ आहे, संमती लागते, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणंही सोपं पाहिजे असं त्यात स्पष्ट आहे.

पण विकत घेतलेली नसली तरी यादी घाण असू शकते. दुकानाच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये ईमेलचा रकाना सक्तीचा केलेला असतो, काउंटरवर मागे रांग लागलेली असते, ग्राहक म्हणतो मला नाही मेल-बिल, मग पोरगा एबीसी ॲट जीमेल टाकून पुढे जातो. दिवसाला असे पन्नास. याचा उपाय सर्व्हरवर नाहीये, तो रकाना ऐच्छिक करा आणि झालं. वेबसाइटवर मात्र कन्फर्मेशन मेल पाठवा, लिंकवर क्लिक केल्याशिवाय यादीत घ्यायचं नाही, आणि जीमेलचं स्पेलिंग चुकलं तर तिथल्या तिथे विचारा.

जुनी यादी असेल तर वर्षभरात ज्याने काहीच केलं नाही, ना क्लिक, ना लॉगिन, ना खरेदी, त्याला वेगळं काढा. मेल उघडला की नाही यावर फार विसंबू नका, २०२१ मध्ये आयओएस १५ बरोबर ॲपलने मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन आणलं तेव्हापासून ॲपल मेल चित्रं आधीच उतरवून ठेवतं, तुम्हाला "ओपन" दिसतं आणि माणसाने बघितलेलंही नसतं. मार्केटिंगवाल्यांना हे पटवणं अवघड जातं कारण त्यांच्या स्लाइडवर तोच आकडा सगळ्यात छान दिसतो.

वॉर्मअप

नवीन आयपीची कुणालाच ओळख नसते, म्हणून रोज थोडं थोडं वाढवत न्यायचं. कागदावर सोपं आहे. पहिल्या दिवशी ५००, मग दुप्पट, मग दुप्पट, ११ व्या दिवशी आकडा ५ लाखांच्या वर जातो. पण कागदावरचं दुप्पट आंधळेपणाने करू नका. आकडा प्रत्येक मेलवाल्यासाठी वेगळा धरा, जीमेलचा वेगळा, आउटलुकचा वेगळा, याहूचा वेगळा, कारण जीमेलने घेतलं म्हणून आउटलुक घेईल असं नसतं, मायक्रोसॉफ्ट नवीन आयपीला जरा जास्तच वेळ ताटकळत ठेवतं हा बऱ्याच जणांचा अनुभव आहे. एखाद्या दिवशी तात्पुरते नकार वाढले की दुसऱ्या दिवशी वाढवू नका, तोच आकडा ठेवा किंवा मागे या. चार ते सहा आठवडे धरून चला.

पहिल्या आठवड्यात कोणाला पाठवायचं हे आकड्याहून महत्त्वाचं आहे. जे लोक खरंच तुमच्या मेलची वाट बघतात त्यांना, काल ऑर्डर दिलेले, आज पासवर्ड रिसेट मागितलेले. ते उघडतात, क्लिक करतात, स्पॅममध्ये गेला तर शोधून बाहेर काढतात. तीन वर्षांपूर्वीचे ग्राहक अगदी शेवटी, किंवा नकोच.

आणि आता ते नाशिकचं बिल. महिन्यातून एकदाच ४ लाख पाठवले आणि मग २९ दिवस शांत, हा पॅटर्न सगळ्यात वाईट, कारण पाठवणाऱ्याची पत साधारण अलीकडच्या महिन्याभराच्या वागण्यावरच ठरते आणि तुम्ही दर वेळी परत पाहुण्यासारखे येता. त्यापेक्षा ग्राहकांचे बिलिंग सायकल पाडा, २५ दिवसांत रोज १६ हजार. सेकंदाला ५६ ची गरजच संपली, सर्व्हर लहान चालतो, कॉल सेंटरवरचा भारही पसरतो. साहेबांना हे पटवायला मेल तज्ज्ञ नाही लागत, अकाउंट्सवाल्यांना बरोबर घेऊन जा.

वेग कुठे आणि कसा आवळायचा

पोस्टफिक्समध्ये एका डेस्टिनेशनला एका वेळी किती कनेक्शन उघडायची याचं डिफॉल्ट २० आहे, सुरुवात ५ पासून होते आणि नीट चाललं तर वाढत जातं. जीमेल, आउटलुक, याहूसाठी वेगवेगळे ट्रान्सपोर्ट (पाठवायचे मार्ग) करून प्रत्येकाला वेगळी मर्यादा लावा. काही काळ हे पुरतं.

मग एक दिवस लक्षात येतं की तुमचे ग्राहक कंपन्या असतील तर त्यांचे पत्ते जीमेल डॉट कॉमचे नसतात, प्रत्येकाचं स्वतःचं डोमेन असतं पण मागे गुगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ असतं. पोस्टफिक्स मोजतं डोमेनप्रमाणे, म्हणजे हजार वेगळी डोमेन म्हणजे त्याच्या दृष्टीने हजार वेगळी घरं, आणि प्रत्येकाला पाच-पाच कनेक्शन. गुगलच्या बाजूने बघाल तर एकाच आयपीवरून एकदम हल्ला झाल्यासारखं दिसतं. इथे पैसे देऊन घेतलेल्या किंवा खास या कामासाठी बनवलेल्या एमटीएचा उपयोग कळतो, पॉवरएमटीएमध्ये एमएक्सवरून (त्या डोमेनचा मेल प्रत्यक्ष घेणाऱ्या सर्व्हरवरून) डोमेन एकत्र करता येतात, कुमोएमटीए तर मुळातच एमएक्सच्या नावांवरून "साइट" ठरवतं आणि मर्यादा त्या साइटला लावतं. मोठ्या प्रमाणावर कंपन्यांना मेल पाठवणार असाल तर या एका गोष्टीसाठी पोस्टफिक्स सोडायला मी सांगेन.

दुसरी सोय म्हणजे उत्तराचा मजकूर वाचून मागे सरकणं. जीमेलने ४२१ देऊन ४.७.२८ म्हटलं की त्याचा अर्थ तुमच्याकडून येणारा वेग त्यांना विचित्र वाटतोय. अशा वेळी परत परत दार ठोठावलं तर प्रकरण चिघळतं. पॉवरएमटीएमध्ये अशा उत्तरांचे पॅटर्न लिहून ठेवता येतात, पॅटर्न जुळला की ती क्यू बॅकऑफ मोडमध्ये जाते, वेग एकदम खाली, काही वेळाने परत पूर्ववत. हे पॅटर्न कुणाच्यातरी जुन्या कॉन्फिगमधून जसेच्या तसे उचलू नका, मेलवाले मजकूर बदलत असतात, आपले लॉग बघून दर काही महिन्यांनी ताजे करा.

डिस्कचं एक सांगायचं राहिलं. एमटीएने मेल घेतला आणि २५० ओके म्हटलं म्हणजे त्या मेलची जबाबदारी त्याने उचलली, वीज गेली तरी तो मेल हरवता कामा नये, म्हणून ओके म्हणायच्या आधी तो मेल डिस्कवर पक्का लिहिला जातो. वेग सगळ्यात आधी इथेच अडतो, सीपीयूवर नाही. कोणीतरी सुचवतं की क्यू रॅममध्ये ठेवू, जोरात पळेल. पळतं खरं, आणि सर्व्हर रिस्टार्ट झाला की २० हजार लोकांची बिलं गायब, आणि तुमच्या लॉगमध्ये सगळी "स्वीकारली" दिसतात. चांगली एनव्हीएमई डिस्क घ्या. आणि डीएनएससाठी त्याच मशिनवर अनबाउंडसारखा लोकल रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरं शोधून लक्षात ठेवणारा प्रोग्राम) टाका, लाखो एमएक्स लुकअप दर वेळी बाहेर पाठवण्यात अर्थ नाही.

बाउन्स

चारने सुरू होणारा कोड म्हणजे आत्ता नाही, पाचने सुरू होणारा म्हणजे नाहीच. ५५० ५.१.१ आला, असा माणूसच नाही, तर तो पत्ता त्याच क्षणी यादीतून बाहेर आणि परत कुठल्याही कॅम्पेनमध्ये नाही, मार्केटिंगने नवीन एक्सेल अपलोड केलं तरी नाही. म्हणून सप्रेशन यादी, म्हणजे ज्यांना परत पाठवायचंच नाही त्यांची, वेगळी ठेवा, ग्राहकांच्या टेबलात नुसता एक रकाना करून भागत नाही, तो पुढच्या इंपोर्टला ओव्हरराइट होतो.

पण पाचचे सगळे सारखे नाहीत, हे न बघता सरसकट काढणारे लोक निम्मी चांगली यादी घालवतात. ५५० ५.७.२६ म्हणजे तुमचं ऑथेंटिकेशन चुकलंय, पत्त्याचा काही दोष नाही. मायक्रोसॉफ्टचा ५५० ५.७.५१५ ही तसाच. ५.७ ने सुरू होणारं बहुतेक सगळं तुमच्याबद्दल असतं आणि ५.१ वालं पत्त्याबद्दल. जीमेलचा ४५२ ४.२.२ म्हणजे समोरच्याचा डबा भरलाय, हल्ली फोटोंमुळे १५ जीबी भरलेली खाती खूप आहेत, दोन-तीन महिने सतत तेच आलं तरच काढा.

चारवाल्यांना परत कधी पाठवायचं? एसएमटीपीचं, म्हणजे मेल ज्या पद्धतीने जातो तिचं स्टँडर्ड सांगतं की निदान अर्ध्या तासाचं अंतर ठेवा आणि चार-पाच दिवसांनी नाद सोडा, पोस्टफिक्सचं डिफॉल्टही ५ दिवसच आहे. बिलाला हे ठीक आहे. ओटीपीला पाच दिवस म्हणजे विनोद आहे. ओटीपीची क्यू वेगळी करून तिचं आयुष्य १० मिनिटं ठेवा, नाहीतर माणसाने तीनदा रिसेंड दाबलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिन्ही ओटीपी एकदम येतात.

शिवाय काही बाउन्स उशिरा येतात. समोरचा आधी २५० देतो आणि नंतर तासाभराने मेल परत पाठवतो. तो कोणत्या ग्राहकाचा हे मजकुरावरून शोधणं म्हणजे डोकेदुखी, म्हणून रिटर्न-पाथमध्येच प्रत्येक ग्राहकाचा कोड घाला, याला वर्प म्हणतात, क्यूमेल हे मेल सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या डॅनियल बर्नस्टाइनची आयडिया, जुनी आहे पण अजून याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही.

अनसबस्क्राइब आणि तक्रारी

मार्केटिंग मेलला हेडरमध्ये लिस्ट-अनसबस्क्राइब आणि लिस्ट-अनसबस्क्राइब-पोस्ट ही दोन्ही लागतात, नुसती खाली लिंक देऊन चालत नाही. मग जीमेल स्वतःच वरती अनसबस्क्राइब बटण दाखवतं, माणसाने दाबलं की गुगलकडून तुमच्या लिंकवर पोस्ट रिक्वेस्ट येते आणि तेवढ्यावर काम झालं पाहिजे, लॉगिन नाही, "का जाताय" असा फॉर्म नाही. ही दोन्ही हेडर डीकिमच्या सहीत धरलेली पाहिजेत. आणि साध्या गेट रिक्वेस्टवर, म्हणजे लिंक नुसती उघडल्यावर, अनसबस्क्राइब करू नका कारण ऑफिसातले व्हायरस स्कॅनर मेलमधल्या सगळ्या लिंक उघडून बघतात, माणसाला पत्ताही नसतो आणि तो यादीतून उडतो. दोन दिवसांच्या आत अमलात आणायचं असा नियम आहे, खरं तर लगेच का नाही करत तेच कळत नाही.

निघणं सोपं केलं की यादी रिकामी होईल ही भीती सगळ्या मालकांना असते. निघायला नाही जमलं तर माणूस स्पॅम दाबतो, आणि ते जास्त महागात पडतं. गुगल म्हणतं स्पॅम रेट ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा आणि ०.३ टक्क्याला कधीच लागू देऊ नका. ०.३ म्हणजे हजारात तीन जण. कोणी दाबलं हे याहू तुम्हाला फीडबॅक लूपमधून कळवतं, मायक्रोसॉफ्टचंही त्यासाठी जेएमआरपी आहे, दोन्हीकडे नाव नोंदवा आणि ते पत्ते लगेच काढा. जीमेल नावं सांगत नाही, फक्त गुगलच्या पोस्टमास्टर टूल्स या पाठवणाऱ्यांसाठीच्या पानावर टक्का दाखवतं. फीडबॅक-आयडी नावाचं हेडर घातलं तर निदान कोणत्या कॅम्पेनमुळे बोंब झाली ते कळतं.

देवनागरीत पाठवणाऱ्यांसाठी

हे इंग्रजी गाइडमध्ये सापडत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. सब्जेक्ट मराठीत असला की तो हेडरमध्ये सरळ जात नाही, त्याचे एन्कोड केलेले तुकडे करावे लागतात आणि एक तुकडा जास्तीत जास्त ७५ अक्षरांचा. त्यातली १२ अक्षरं यूटीएफ-८ वगैरे खुणांमध्येच जातात, उरलेल्यात बेस६४ (३ बाइटची ४ साधी अक्षरं करायची पद्धत) चे ६० बसतात म्हणजे ४५ बाइट, आणि देवनागरीच्या प्रत्येक कोडला ३ बाइट लागतात, म्हणजे एका तुकड्यात १५ कोड, काना-मात्रा-वेलांटी वेगळे मोजून. घरी बनवलेली स्क्रिप्ट बाइट मोजून कुठेही तोडते, एका अक्षराचे ३ बाइट दोन तुकड्यांत विभागले जातात आणि सब्जेक्टमध्ये मधेच प्रश्नचिन्हं किंवा चौकोन दिसतात. तयार लायब्ररी वापरा आणि लांब मराठी सब्जेक्ट टाकून एकदा जीमेल, आउटलुक आणि रेडिफवर बघून घ्या.

दुसरं, जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचा मेल कापतं आणि खाली "पूर्ण मेसेज बघा" अशी लिंक देतं. काही एडिटर देवनागरी अक्षरांचे एचटीएमएल एंटिटी करून टाकतात, म्हणजे एका "म"साठी ३ च्या जागी ७ बाइट, मेल दुपटीच्या वर फुगतो, कापला जातो, आणि कापल्या गेलेल्या भागात नेमकी तुमची अनसबस्क्राइब लिंक असते. मग माणूस काय दाबतो ते वर सांगितलंच.

चालू झाल्यावर

रोज सकाळी तीन गोष्टी बघा, पोस्टमास्टर टूल्समधला स्पॅम रेट, प्रत्येक मेलवाल्याचं चारच्या आणि पाचच्या कोडचं प्रमाण, आणि क्यूमधला सगळ्यात जुना मेल किती जुना आहे. क्यूची लांबी बघून काही कळत नाही, वय बघा. आणि स्पॅम रेट अचानक शून्य झाला तर पेढे वाटू नका, सगळेच मेल स्पॅममध्ये जात असतील तर तिथे पडलेल्या मेलवर कोण कशाला परत स्पॅम दाबेल.

स्पॅमहाउस या ब्लॉकलिस्टमध्ये आयपी लागला तर आधी पाठवणं थांबवा, कारण शोधा, मग काढायचा अर्ज. त्यांच्या वेबसाइटवर आयपी टाकला की कोणत्या यादीत आहे ते दिसतं, पीबीएल (थेट मेल पाठवू नयेत अशा आयपींची यादी) असेल तर बहुतेक वेळा साधा प्रश्न असतो, एसबीएल (स्पॅम पाठवणाऱ्या आयपींची यादी) असेल तर अर्ज तुम्ही नाही, तुमच्या आयपीच्या मालकाने म्हणजे होस्टिंगवाल्याने करायचा असतो. याला पैसे लागत नाहीत. अमुक हजारांत काढून देतो म्हणणारा भेटला तर त्याचा नंबर ब्लॉक करा. आणि आयपी बदलून पळू नका, यादी तीच, मजकूर तोच, डोमेन तेच, नवा आयपी आठवड्याभरात तिथेच जातो, वर तुमची पळायची सवय नोंदली जाते ती वेगळीच.

कधी एका सर्व्हिसवरून दुसरीकडे गेलात तर जुनं डीकिम रेकॉर्ड त्याच दिवशी उडवू नका, जुन्या क्यूमध्ये अजून मेल असतात आणि त्यांची सही तपासायला ती की लागते, निदान आठवडाभर राहू द्या. नवीन ठिकाणी नवीन सिलेक्टर (डीकिमच्या कीचं नाव) घ्या म्हणजे दोन्ही एकत्र नांदतात. सप्रेशन यादी मात्र पहिला मेल जायच्या आधी तिकडे गेली पाहिजे. आणि जुन्या मेलमधल्या अनसबस्क्राइब लिंक काही महिने चालू ठेवा, लोक मार्चचा मेल जूनमध्ये उघडतात आणि तेव्हा त्यांना निघायचं असतं.